तुपातले छर्रे

रविवार, ३ ऑगस्ट
आज सकाळी देवपूजेला बसताना एअर रायफलच्या छर्‍यांची डबी नेहमीप्रमाणे देवापुढे ठेवली. निरांजनात तूप घालताना डबीला कोपर लागलं आणि एक छर्रा नेमका तुपात पडला. देवाच्या तुपात पडलेला, टाकवेना. पंच्याला पुसून पुसून कोरडा केला आणि परत डबीत ठेवला. इतरांपेक्षा जास्त चकाकत होता.

मग क्लबला गेलो. (शीळफाट्यावर टाइल्सच्या गोडाऊनच्या वर हॉल आहे. डॉक्टर म्हणाले होते मन एका जागी लावा, आणि चांगदेव म्हणाला होता चल, नेम धरायला शिक.) सगळे छर्रे इकडेतिकडे गेले. चकाकणारा शेवटचा ठेवला होता. तो सरळ मधोमध!

योगायोग म्हणावा तर देवापुढची गोष्ट. कुणाला बोललो नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट. जेवणाची सुट्टी
कंपनीत स्टोअरमध्ये बसून मोबाईलवर वाचलं. परदेशात काही लोक रायफलच्या गोळ्या घरी शिसं ओतून बनवतात. त्या गोळ्यांना मेण आणि चरबी चोपडतात, म्हणजे नळीत शिसं धरत नाही. शिवाय काडतुसात दारू हलू नये म्हणून वर कापसासारखं काहीतरी भरतात. आपल्याकडे काडतूस म्हटलं की परवाना आणि पोलीस. आपण हवेच्या रायफलवाले. पण तत्त्व ते तत्त्व.

म्हणजे तुपाचं मला आतून सुचलं. ते वाचून शिकले असतील.

निश्चय: मिश्रण तयार करायचं. कुणाला सांगायचं नाही. स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत, माणसं काय काय उचलतात ते पाहिलं आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
गावाहून वहिनीने पाठवलेलं तूप, आणि शेवंती टाचांच्या भेगांना लावते ते कोकमतेल. दोन्ही पळीत वितळवलं, छर्रे घोळवले. हात धुवायला गेलो तर नळ कोरडा. आमच्या दिवा गावात पाणी येण्याची वेळ फक्त पाण्यालाच माहीत. हात लुंगीला पुसले.

शेवंतीने विचारलं, घरात शिर्‍याचा वास कसला येतोय? मी म्हटलं, शेजारी असेल.

रविवार, १० ऑगस्ट
पहिलाच बार. फट्ट असा आवाज झाला, नळीतून धूर आला आणि हॉलभर बेसनाचा लाडू भाजल्यासारखा वास पसरला. छर्रा कागदाच्याही बाहेर गेला. ताकद वाढल्याची ही खूण. आता फक्त ती आवरायला शिकायचं.

रत्नदीप सर धावत आले. आमचे कोच, वय तिशीच्या आत, स्वभावाने गरीब. म्हणाले, काका, काही लावलंय का? इथे दारू नसते, दाबलेली हवा असते. तेलकट काही असलं की त्या दाबाने पेट घेतं. मी म्हटलं, रायफल जुनी आहे.

रायफल चांगदेवची आहे. तो स्वतः क्लबची वापरतो आणि मला आपली देतो. चांगदेव दातिवलीचा, आमच्या कंपनीत बॉयलरवर असतो. दर रविवारी मला स्कूटरवरून नेतो आणि आणतो. आज परत येताना म्हणाला, "गणू, छर्‍याला काय चोपडू नको रं. वायसर जलंल आतला." मी विचारलं, तुला कुणी सांगितलं चोपडलंय म्हणून? तो हसला. म्हणाला, "माझे नाकानं."

त्याला म्हटलं, माझा नेम लागायला लागला म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. तो गप्प बसला. दिव्यापर्यंत गप्प.

गप्प का बसला, हे विचार करण्यासारखं आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट
शेवंती तुपाची बरणी उजेडात धरून बघत होती. म्हणाली, "डॉक्टरांनी बंद केलंय ना तूप? मग हे जातंय कुठे? मी भिंतीला सारवते काय?" मी म्हटलं, देवाला लागतं. ती म्हणाली, "देवाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतंय."

संशयी स्वभाव वाईट. माणूस त्याने स्वतःच आंधळा होतो.

रविवार, १७ ऑगस्ट
छर्‍याला मागून पोकळ घाघरा असतो. त्या पोकळीत आता सावरीचा कापूस भरला. शेवंतीच्या माहेरची जुनी उशी आहे, कोपर्‍यातून चिमटीने काढला, कळणारसुद्धा नाही. दातकोरणीने एकेक छर्रा भरला. जप केल्यासारखं मन लागलं.

क्लबखालीच मारुतीचं देऊळ आहे. नेम धरण्याआधी मी खाली जाऊन दर्शन घेऊन येतो. डबी टेबलावर ठेवून गेलो. परत आलो आणि बसलो, तर एकामागून एक छर्रे काळ्या गोलात! धूर नाही, वास नाही. नेम धरताना जवळचा चष्मा काढलेला असतो, छर्रे चाचपूनच भरतो; आज हाताला कोरडे लागले. कापसाने तूप धरून ठेवलं, म्हणून धूर नाही. हे शास्त्र आहे.

रत्नदीप सर म्हणाले, काका, असंच चालू ठेवा. चांगदेवने पाठीवर थाप मारली.

घरी येऊन एक गोष्ट खटकली. झाकणावरचा बाण मी नेहमी खाचेसमोर बसवतो. स्टोअरची सवय आहे. आज देवळातून परत आलो तेव्हा बाण उलट्या बाजूला होता.

कुणीतरी डबी उघडली होती.

मंगळवार, १९ ऑगस्ट
दोन रात्री विचार केला. हॉलमध्ये त्या वेळी रत्नदीप सर, चहा घेऊन आलेला माणूस, चांगदेव आणि दोन कॉलेजची मुलं. मुलांना मोबाईलमधून सवड नाही. चहावाल्याला काय करायचंय. सर वाकून नमस्कार करणारे. उरला कोण?

मिश्रण चोरायचं असेल तर काय करतील? एखादा छर्रा घेतील, वास घेतील, चव घेतील. पण मोजून नेले तेवढेच छर्रे मी उडवले. म्हणजे चोर हुशार आहे.

निश्चय: झाकणाला शेवंतीच्या डब्यातला काळा दोरा गुंडाळायचा. सहज दिसणार नाही असा.

रविवार, २४ ऑगस्ट
दोरा तुटलेला!

नेम मात्र आजवरचा सर्वांत चांगला. मिश्रणाची कृपा. चोरी होऊनही गुण कमी झाला नाही, इतकं अस्सल आहे.

येताना शीळ रोडवर ट्रेलर आडवा झाला होता, स्कूटर अर्धा तास जागच्या जागी. चांगदेवने घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. मी मागेच बसलो होतो. रुमालाला तुपाचा वास. आमच्या गावच्या तुपाचा. हा वास मी झोपेतही ओळखीन.

कंपनीत लागलो त्या पहिल्या पावसाळ्यात माझी खोली गळायची, तेव्हा याच माणसाच्या ओटीवर दोन महिने झोपलो आहे. त्याच्या आईने मला कधी वेगळं ताट वाढलं नाही. देवा, माणूस कुठे बदलतो, का बदलतो.

निश्चय: चांगदेवला तोंडावर विचारायचं. पुढच्या रविवारी.

रविवार, ३१ ऑगस्ट
क्लब बंद. आमचा गणपती पाच दिवसांचा, आज विसर्जन. चांगदेव दर्शनाला आलेला. विचारणारच होतो, पण घरात पाहुणा, त्यात गणपतीला निरोप द्यायचा. योग्य नाही.

शेवंतीने गरम मोदक फोडून त्यावर तूप घालायला चमचा पुढे केला, तर हा पानावर आडवा हात धरून म्हणतो, "नको वहिनी. आजकाल तुपाचा वासच नको वाटतो."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने नजर खाली घातली. आणखी काय पुरावा पाहिजे?

शेवंती मला म्हणाली, बघा, त्यांना आवरतं. तुम्हालाच आवरत नाही.

रविवार, ७ सप्टेंबर
नवी व्यवस्था. डबी टेबलावर ठेवलीच नाही. खिशात घालून देवळात गेलो. मारुतीपुढे हात जोडले तरी एक कोपर खिशावर दाबून होतो. पुजारी विचारत होता, छातीत दुखतंय का?

वर येऊन बसलो. फट्ट. धूर. लाडवाचा वास. छर्रे कुठे गेले ते मारुतीला माहीत. एकाचा कापूस जळून तरंगत तरंगत रत्नदीप सरांच्या चहात पडला.

कारण उघड आहे. आज रात्री चंद्रग्रहण, दुपारपासूनच वेध लागलेले. अशा दिवशी शस्त्र हातात घ्यायलाच नको होतं.

रविवार, १४ सप्टेंबर
डबी खिशात. परत तेच. पितृपक्ष चालू आहे.

सरांनी आज जाहीर केलं की दसर्‍यानंतरच्या रविवारी ठाण्यात क्लबा-क्लबांची मॅच आहे. पंचेचाळीसच्या वरच्यांची चार जणांची टीम. तीन नावं ठरली. चौथी जागा मी किंवा चांगदेव, पुढच्या रविवारी ठरणार.

आता सगळं स्पष्ट झालं. एवढ्यासाठी चाललं होतं.

मला शाळेत असताना कधी कुठल्या टीममध्ये घेतलं नाही. गावच्या कबड्डीत मी कपडे सांभाळायचो. पन्नाशीला आलो. एकदा कागदावर क्लबच्या नावाखाली माझं नाव यावं, एवढंच मागणं आहे. ते सुद्धा बालमित्रासारख्या माणसाने हिरावून घ्यावं?

शुक्रवार, १९ सप्टेंबर
उशी आता पापडासारखी झाली आहे. शेवंतीच्या मते उंदीर. तिने पिंजरा आणला. मी रात्री त्यात भजी लावून ठेवली आणि सकाळी उठून गुपचूप खाल्ली. उंदराचा संशय टिकलेला बरा.

कोकमतेलही शोधत होती. म्हणाली, असला कसला उंदीर, तूप खातो, उशी खातो आणि टाचांना तेल लावतो?

रविवार, २१ सप्टेंबर
आज सर्वपित्री. घरी पान वाढून निघायला उशीर झाला. घाईत डबी टेबलावर ठेवली आणि मारुतीला न जाता तसाच बसायला लागलो. चांगदेव म्हणाला, "अरे, देवाला नाय गेलास? जा, जा. मी हाय हितं. तुझा नंबर धरून ठेवतो."

नाही म्हणता येईना. सगळ्यांसमोर देवाला नको कसं म्हणणार? डबीही उचलता येईना, तो बघत होता. देवळात उभा राहिलो, पण नाव मारुतीचं आणि ध्यान डबीचं. धावत जिने चढून आलो. बाण उलटा!

नेमाला बसलो. म्हटलं, आता संपलं, याने काहीतरी कालवलं असणार. आणि काय सांगू, पहिला छर्रा मधोमध. दुसरा त्याला चिकटून. शेवटपर्यंत तसंच. चांगदेव माझ्यामागे दोन गुणांनी राहिला.

चौथी जागा माझी.

याने बिघाड करूनही जिंकलो, हा तुपाचा आणि देवाचा विजय. चांगदेवने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या, खाली जाऊन पेढे आणले आणि सगळ्यांना सांगितलं, "आमचा गणू टीममधी आला." नाटक करणारी माणसं अशीच असतात, टाळी जरा जास्त वाजवतात.

पेढा खाल्ला. प्रसादाचा नव्हता, पण खाल्ला.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
क्लबमध्ये शस्त्रपूजा. सगळ्या रायफली एका सतरंजीवर, हळदकुंकू, झेंडू. चांगदेव आपल्या रायफलीला फूल वाहताना बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत होता. त्याच्या वडिलांच्या हातची आहे, पूर्वी ते शेतात वानरं हाकलायला वापरायचे. मला म्हणाला, "गणू, रविवारी मी पण येतो ठाण्याला. सामान धराला कोणतरी पायजे ना."

सामान म्हणजे डबी. न कळायला मी काय लहान आहे?

त्याला म्हटलं, नको, सरांच्या गाडीत जागा नाही. गाडीत जागा होती. तो बरं म्हणाला. मला आपट्याचं पान दिलं, वाकायला गेला. आम्ही एकाच वयाचे, पण तो दरवर्षी वाकतो, म्हणतो तू शिकलेला. मी त्याला मध्येच धरलं.

विचारणार होतो. पण आजच्या दिवशी कडू बोलायचं नसतं.

रविवार, ५ ऑक्टोबर. रात्री
लिहायची इच्छा नाही. तरी नेम मोडायला नको.

डबी सकाळपासून बनियनच्या आत छातीशी धरली होती. कुणाची सावलीही पडू दिली नाही. ऊन कडक. अंगाच्या उबेने तूप वितळलं, ते मला शर्टावर डाग आला तेव्हा कळलं. छर्रे आत पोहत होते. कापूस शेवयांसारखा झाला होता.

पहिला बार: धूर. दुसरा बार: मोठा धूर. बाजूच्या लेनवरच्या एका बाई खोकायला लागल्या आणि त्यांचा नेम चुकला. तिसरा छर्रा नळीतच बसला. पंच आले. रायफल हातात घेतली, वास घेतला, आणि माझ्याकडे नाही, रत्नदीप सरांकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, अरे, ठाण्यात लाडू कुठे चांगले मिळतात ते आज कळलं. सगळा हॉल हसला. सरही हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

रायफल उघडली. आत काळा गोळा निघाला, त्याला चार-पाच मुंग्या चिकटलेल्या. हवा दाबून धरणारा वायसर जळून गेलेला.

बाकीच्या तिघांनी चांगला नेम धरला होता. माझ्यामुळे क्लब शेवटचा. कागदावर क्लबच्या नावाखाली माझं नाव आलं. नावापुढे रेघ.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. डबीला कुणी हात लावला नाही, तरी बिघाड झाला. म्हणजे बिघाड आधीच करून ठेवलेला होता. शस्त्रपूजेच्या वेळी रायफलवरून हात कोण फिरवत होतं?

आणि मॅचला कोण आलं नव्हतं? तेच ना.

काल कंपनीत त्याला जळलेली रायफल परत दिली. काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. तो म्हणाला, "वायसर चामड्याचा असतो, चपलांवाल्याकडून कापून घेतो. तू जेवलास काय?"

जेवलो नव्हतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. शेवंती स्वतः घेऊन गेली डॉक्टरांकडे. येऊन म्हणाली, कोलेस्टेरॉल कमी झालंय. बरणी रिकामी आणि कोलेस्टेरॉल कमी. बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "तूप तुम्ही खात नाही. मग कुणाला देता?"

या प्रश्नाचा रोख माझ्या उशिरा लक्षात आला. पन्नाशीला आलेल्या, सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेणार्‍या माणसावर हा संशय! मी रागाने बोलणार होतो. कुणी आपल्याकडे असं बघतं तेव्हा आत काय होतं, ते पहिल्यांदाच कळलं.

रविवार, १२ ऑक्टोबर
चांगदेव नेहमीच्या वेळेला खाली हॉर्न वाजवत उभा. मागे बसलो. क्लबखाली, मारुतीच्या पायरीवर त्याला थांबवलं आणि विचारलं. तोंडावर. तू माझ्या डबीला हात लावायचास का?

तो म्हणाला, "हो. दर आयतवारी."

इतकं सोपं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पुढचं काही ठरवलेलंच नव्हतं.

तो म्हणाला, "तू देवाला गेलास का मी रुमालानं सगले छर्रे पुसून घ्यायचो. कापूस टाचणीनं काढायचो. किती भरायचास रं, माझे बोटांना फोड आले. तुला सांगलेला ना पयले दिवशी, चोपडू नको. तू बोल्लास, माझे पोटान दुखतं. मंग कशाला सांगू? मी बोल्लो, टीममधी नाव लागू दे गणूचा, मंग सांगू."

मी विचारलं, आणि तुझी जागा?

"मना काय करायची व्हती जागा? मी गावचे टीममधी लय खेललोय." मग हसायला लागला. "माझी बायको रोज रुमाल हुंगायची. तिला वाटला, मना कोणतरी शिरा खावाला घालतं. दोन महिने झाले, ती माझेशी नीट बोलत नाय."



उभ्या उभ्या मागचे सगळे रविवार आठवून पाहिले. ज्या दिवशी डबी राखली, त्या दिवशी धूर. ज्या दिवशी राखली नाही, त्या दिवशी नेम. पहिला छर्रासुद्धा मीच पंच्याला पुसून कोरडा केला होता. अर्थात पुसलं तरी थोडा ओशटपणा राहतोच. तेव्हा तत्त्व अगदीच खोटं म्हणता येणार नाही, प्रमाण फक्त चुकलं. हे चांगदेवला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवंतीला सकाळीच सांगून टाकलं होतं, तूप मी रायफलीला लावलं. तिने विश्वास ठेवला नाही. चांगदेवला म्हटलं, तुझ्या बायकोला घेऊन संध्याकाळी ये घरी, दोघींना एकदम सांगू. तो म्हणाला, "येतो. पण शिरा नको करू."

वर गेलो. डबीत अजून जुनेच छर्रे होते, तुपात आणि कापसात. रायफलीला नवा चामड्याचा वायसर बसला होता. चांगदेवने खिशातून रुमाल काढला, मला बघून परत खिशात घालायला लागला.

डबी त्याच्या हातात दिली आणि मारुतीला गेलो. या वेळी दोन्ही हात नीट जोडले. प्रदक्षिणाही घातल्या, जिन्यावर घाई केली नाही. परत आलो तेव्हा झाकणावरचा बाण उलट्या बाजूला होता. तसाच राहू दिला.